जीव सोपवावा अशी तीन माणसे

२१ ऑगस्ट, गुरुवार
बोईसर

आजपासून मी नोकरदार झाले. माझ्या पदाला अजून नाव नाही. धर्मेशभाईंनी हजेरीच्या तक्त्यात माझ्यापुढे नुसते 'भाषा' असे लिहिले आहे. कचेरी स्टेशनजवळ, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर आहे. खाली एखादी मोटार तपासायला घेतली की वर आमची टेबले थरथरतात आणि हितेश सवयीने चहाचा कप उचलून धरतो. संगणकाचा सारा कारभार हितेशकडे आहे. तो मला 'मॅडम' म्हणतो, आणि प्रत्येक वेळी मी मागे वळून पाहते.

आम्ही जे बनवतो त्याचे नाव 'ठसा'. मच्छीमाराने निघण्यापूर्वी फोनमधल्या नकाशावर अंगठा ठेवायचा, की आपण या जागी जाळे टाकणार. परतल्यावर मासळी नोंदवायची. दोन्ही नोंदी साखळीत जातात. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला गाठ मारून बांधलेली असते आणि त्या साखळीच्या प्रती देशोदेशीच्या यंत्रांवर पसरलेल्या असतात. एक कडी बदलायची तर सगळ्यांच्या देखत सगळ्या गाठी सोडाव्या लागतील. त्यामुळे दूरच्या व्यापाऱ्याची खात्री पटते की हे पापलेट याच किनाऱ्यावरचे, बंदीचा काळ पाळून पकडलेले आहे. जागा मात्र कुलपात राहते. ती हद्दीत आहे एवढेच व्यापाऱ्याला कळते. नेमकी कुठली, ते कंपनीलाही कळत नाही.

"स्क्रीनवर 'ब्लॉकचेन' शब्द दिसला तर मी पगार कापीन," धर्मेशभाई म्हणाले. "माझ्या आईला फ्रीज कसा थंड होतो ते माहीत नाय. ती दूध ठेवते, संपलं. असं पाहिजे मला."

हितेशने आधी यंत्राकडून मराठीत करून घेतलेला मजकूर दाखवला. 'आपले बीज वाक्यांश सुरक्षित करा.' 'पुष्टी प्रलंबित आहे.' मी ते पुन्हा पुन्हा वाचू लागले तेव्हा त्याने विचारले, "मराठीच आहे ना, मॅडम?"

"शब्द मराठी आहेत," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून कसे निघाले कोण जाणे. उरलेला दिवस मी मान वर केली नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
एडवण

'ठसा'ची पहिली परीक्षा आज मेघालीच्या घरी झाली. शाळेत दहा वर्षे आम्ही एका बाकावर बसलो. आमची वाडी आणि त्यांचा कोळीवाडा यांच्यामध्ये एक रस्ता आणि सुरूचे बन एवढेच अंतर, तरी शाळा सुटल्यापासून माझे तिकडे जाणे कमी झाले होते. तिचे बाबा, बळवंतकाका, तांडेल आहेत. बोट त्यांची आणि बोटीवरचा शब्दही त्यांचाच.

काका जाळे विणत बसले होते. हात पुसून त्यांनी फोन घेतला. मी लिहिलेली पहिली ओळ समोर आली: 'आज कुठे जाणार?' त्यांनी फोन पालथा करून चटईवर ठेवला आणि पुन्हा जाळे हातात घेतले. माझे काय चुकले, ते मला कळेना.

शैलाकाकी आतून म्हणाल्या, "निगनाऱ्याला कुटं म्हनून इचारतात का गो? तुज्या आयशीनं शिकवलं नाय?"

"फोनला काय कळतंय," मेघाली म्हणाली.

"फोनला नाय, पन लिवनारीला कळाया नको? पयली आली ना शाळंत?"

सगळे हसले. आमच्याकडेही निघणाऱ्याला 'कुठे' विचारत नाहीत. मला ठाऊक होते, केवळ लिहिताना आठवले नाही. काकींनी नंतर सांगितले की लग्नाला पंचवीस वर्षे होतील, पण नवऱ्याची जागा त्यांनी कधी विचारली नाही आणि काकांनी कधी सांगितली नाही. चांगली जागा तांडेल कोणालाच सांगत नाही. बाजारात गेल्यावर चार बायका गप्पांत काढून घेतील, म्हणून बायकोला तर नाहीच.

मी जागेवरच ती ओळ काढून टाकली. आता नुसता नकाशा येतो. काकांनी पुन्हा फोन घेतला.

"माजी जागा त्या धर्मेशशेटला दिसंल?"

"नाही, काका."

"तुला?"

"नाही."

"मंग देवाला तरी?"

मी उत्तर शोधत राहिले. मेघाली म्हणाली, "बाबा, तिची मस्करी नको. ती खरंच इचार करते."

९ सप्टेंबर, मंगळवार
बोईसर

मोठी अडचण किल्लीची आहे. तांडेलाचा फोन हरवला किंवा पाण्यात गेला, तर त्याच्या कुलपातल्या नोंदी उघडायच्या कशा? हितेशच्या पद्धतीत बारा शब्दांची एक माळ देतात आणि ती जन्मभर जपून ठेवायला सांगतात. मागच्या आठवड्यात कोळीवाड्यात हे करून पाहिले. कोणी ते शब्द भिंतीवर खडूने लिहिले, कोणी फोनच्याच पाठीवर चिकटवले. साखरबाईंनी, ज्यांना सगळा कोळीवाडा मावशी म्हणतो, त्या माळेचा कागद सुकटीच्या पुडीला वापरला.

हितेशने आज दुसरा मार्ग दाखवला. माणसाने आपल्या ओळखीचे तीन साक्षीदार नेमायचे. त्यांतल्या दोघांनी आपापल्या फोनवर अंगठा लावला की कुलूप उघडते. एकट्याने काही होत नाही. माळ नाही, कागद नाही. मला हे फार आवडले, कारण गावात सगळ्या गोष्टी अशाच चालतात.

मी दुपारभर एका वाक्यावर बसले. 'विश्वासू व्यक्ती' हा शब्द सरकारी वाटतो. 'जवळची माणसे' म्हटले तर लोक शेजारी निवडतील. शेवटी हे जमले:

'ज्यांच्या हाती जीव सोपवाल, अशी तीन माणसे निवडा.'

त्याखाली हितेशला आणखी एक ओळ हवी होती: 'शक्यतो तिघे वेगवेगळ्या ठिकाणी असणारे असावेत.' तो जिथे हे काम शिकला तिथे ती नेहमी असते म्हणे. मी ती काढायला लावली. लहान पडद्यावर दोन सूचना आल्या की माणूस एकही वाचत नाही, आणि वरच्या वाक्यानंतर ती ओळ विमा कंपनीच्या पत्रासारखी दिसत होती. त्याने ती काढली आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तर ठीक."

संध्याकाळी पाहिले तर त्याने माझे ते वाक्य स्वतःच्या फोनच्या दर्शनी पडद्यावर लावले आहे. अक्षरांचा आकार तपासत असावा. कामाच्या बाबतीत तो फार कसोशीचा आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
एडवण

आज नावनोंदणी झाली आणि ती इतकी सुरळीत झाली की मला थोडी भीती वाटते. किल्लीच्या पानावर लोक अडखळतात आणि सोडून जातात, असे धर्मेशभाई सांगत असत. इथे एकही जण अडखळला नाही. बळवंतकाकांनी वाक्य मोठ्याने वाचले, 'ज्यांच्या हाती जीव सोपवाल', आणि मान हलवली. मग एका दमात तीन नावे सांगितली: धाकटे भाऊ शैलेश, शिवाय नामदेव आणि रामू. तिघेही तिथेच जाळी उन्हात पसरत होते. हाक मारताच आले आणि अंगठे लावून परत गेले.

इतर तांडेलांनीही तितकाच वेळ घेतला. मेहुलदादा सगळ्यांत तरुण तांडेल. वडील गेल्यापासून बोट त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, "पयल्यांदा कोनीतरी शाना प्रश्न इचारला."

काकींचे नाव का घातले नाही, असे मी मेघालीला सहज विचारले. ती म्हणाली, "जीव सोपवायचा म्हंजे कुटं? घरात काय जीव जातोय? बाबा जमिनीवर कोनावर इसंबतच नाय."

किती चांगले वाक्य. जसेच्या तसे उतरवून ठेवते.

धर्मेशभाईंना फोन केला तेव्हा त्यांना विश्वास बसेना. "एक पण माणूस सोडून गेला नाय? एक पण? समिधा, तू सोनं आहेस."

मला स्तुती घेता येत नाही. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

८ ऑक्टोबर, बुधवार
बोईसर

व्यापाऱ्यांची माणसे कचेरीत आली होती. ते वाक्य मला का सुचले, हे मी उभे राहून सांगायचे होते. मी उभी राहिले, आणि पुढे काही झाले नाही. खाली मोटार सुरू झाली, टेबले थरथरली, मीही. हितेशने माझ्या हातातला कागद हळूच घेतला आणि वाचून दाखवला. शाळेतही असेच होई. निबंध माझा, वाचणारी मेघाली.

धर्मेशभाई नंतर म्हणाले, "लिहितेस तू वाघीण आणि बोलतेस ससा." त्यांचा राग नव्हता. मला मात्र खोलीवर येईपर्यंत, कारखान्यांच्या बसगाड्यांच्या रांगेतून चालताना, स्वतःचा फार राग येत राहिला.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
एडवण

भाऊबिजेसाठी आले होते, ती अजून इथेच आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे बोटी गेल्या. शनिवारी वादळाची सूचना आली. काल रात्रीपर्यंत आणि आज उजाडताना एकेक करून सगळ्या परतल्या. बळवंतकाकांची आली नाही. बोटीवर काका आणि त्यांचे तीन खलाशी आहेत. बोटीवरचा वायरलेस दिवाळीपूर्वी दुरुस्तीला दिला होता. तो अजून दुकानातच आहे.

मेघालीचा निरोप सकाळी आला. "बाबांनी जागा टाकली असेल ना तुझ्या ठशात? उघडून दे. तटरक्षकवाले ठिकाण मागतायत."

माझा जीव भांड्यात पडला. नोंद आहे, शुक्रवारची, निघण्यापूर्वीची. मी स्वतः पाहिले, त्यांच्या नावापुढे कुलपाचे चिन्ह आहे. दोन साक्षीदारांनी अंगठे लावले की जागा समोर येईल. मी तिला लिहिले, "साक्षीदारांना बोलाव. दोघे पुरेत. पाच मिनिटांचे काम आहे."

मग एकच ओळ आली.

"तिघेही बोटीवर आहेत, समिधा."

दुपार

आईने दोनदा जेवायला हाक मारली.

मी सगळ्यांचे साक्षीदार तपासले. कोळीवाड्यातल्या एकूण एक तांडेलाने आपल्याच बोटीवरची माणसे निवडली आहेत. एकाचाही अपवाद नाही. मी विचारले होते, जीव कोणाच्या हाती सोपवाल, आणि त्यांनी खरे उत्तर दिले. समुद्रात जीव ज्याच्या हाती असतो तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. त्या उत्तरात काही चूक नाही. सप्टेंबरात मी इथे बसून हेच वाचत होते, उतरवून घेत होते, आणि मला त्याचे कौतुक वाटत होते.

हितेशला फोन केला. तो अर्ध्या शब्दात समजला. "मी काढली ती ओळ," मी म्हणाले. तो म्हणाला, "काढली मी. तुम्ही सांगितलं होतं फक्त." मग तो बोईसरहून मोटारसायकलवर, वाऱ्यापावसात इथवर आला. सगळा निथळत होता. एवढे यायची गरज नव्हती, संगणक तर कुठूनही चालतो. त्याने आमच्या ओटीवर बसून जे जे करता येईल ते केले, आणि शेवटी मान हलवली.

"उघडत नाही. उघडता येऊ नये असंच बनवलंय. मी चांगलं बनवलंय, मॅडम."

धर्मेशभाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारले, "माणसं सापडली?" मग म्हणाले, "नोंद उघडत नाय, ते सध्या गावात बोलू नका. सर्व्हर बंद आहे सांगा. लोक घाबरतील, सगळे ॲप काढून टाकतील."

मी काहीच बोलले नाही. माझा गप्पपणा म्हणजे होकार, असा त्यांचा समज झाला असावा. सगळ्यांचाच होतो.

संध्याकाळ

जे घडले ते क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते.

मी आणि हितेश मेघालीच्या घरी गेलो. शैलाकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितले, सर्व्हर ठीक आहे, नोंदही आहे, पण ती उघडायला जी माणसे लागतात ती समुद्रात आहेत. आणि अशी माणसे निवडू नयेत हे सांगणारी ओळ मी काढून टाकली होती. काकींना किती कळले मला माहीत नाही. मेघालीला सगळे कळले.

"कशाला काढली?"

"वाक्य चांगलं दिसत नव्हतं."

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी ते कधी विसरणार नाही. "वाक्य," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

मग देवळाच्या मंडपात सगळे जमले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोलत होते. पलीकडून एकच मागणी होती: शेवटचे ठिकाण सांगा, निदान दिशा सांगा, वारा बदलला आहे, सगळा समुद्र धुंडाळता येणार नाही. काही तांडेल शोधाला निघण्याच्या तयारीत होते. बोटीवर डिझेल चढवणे चालू होते.

मेहुलदादा म्हणाले, "शनवारी सकालचा मी पायलेला बळवंतकाकाला. त्याचा लाल-पिवला बावटा वलखला मी."

अध्यक्षांनी फोनवर हात ठेवला. "कंच्या बाजूला?"

"तिकडं. भाएर."

"भाएर म्हंजे?"

मेहुलदादांनी हाताने पश्चिमेकडे काहीतरी केले. तो हात अर्धा समुद्र दाखवत होता. दुसरे एक तांडेल म्हणाले, त्यांनीही शुक्रवारी तिन्हीसांजेला पाहिला, "तारापूरच्या चिमन्या दिसतात तवर." तेही तेवढ्यावर थांबले.

साखरबाई खांबाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोंबील अडाकला का रे गल्यात? बोला की पुरतं."

कोणी बोलेना. सगळे चटईकडे पाहत होते. आणि मला एकदम दिसले की त्यांच्यातल्या तिघा-चौघांना उत्तर ठाऊक आहे. बळवंतकाकांना आपण कुठे पाहिले, हे सांगायचे म्हणजे आपण स्वतः कुठे होतो ते सांगायचे. मेहुलदादांची जागा त्यांच्या वडिलांनी शोधलेली आहे. ती त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही. त्यांना काका नको होते असे मुळीच नाही. ती गोष्ट उच्चारण्याची सवयच कोणाच्या जिभेला नव्हती, आणि विचारण्याची सवय तर त्याहून नाही. बायका जन्मभर विचारत नाहीत. आणि आता तर पुरुष निघण्याच्या पवित्र्यात उभे होते. अशा वेळी तो शब्द कोण काढणार?

मला तो शब्द माहीत होता. पडद्यावरून मीच तो पुसला होता.

मी उभी राहिले. हितेशने सवयीने हात पुढे केला, माझ्या हातातला कागद घ्यायला; पण हातात कागद नव्हता.

"मेहुलदादा," मी म्हणाले, "कुठे?"

मंडपात कोणीतरी जीभ चावली. शैलाकाकींनी पदर तोंडाशी धरला.

मेहुलदादा माझ्यावर ओरडतील असे वाटले. मी पुन्हा विचारले, कारण थांबले असते तर पुन्हा उभी राहू शकले नसते. "तुमची शुक्रवारची नोंद तुमच्या फोनमध्ये आहे. तुमचा एकट्याचा अंगठा पुरेल. काका तुमच्यापासून कुठे होते, तेवढं दाखवा. ही जागा सगळ्यांना दिसेल, ते मला माहीत आहे. नंतर ती लपवता येणार नाही."

त्यांनी फोन काढला. मग चटईवर बसले, फोन समोर ठेवला, अंगठा लावला. नकाशावर एक निळा ठिपका उमटला.

"बगा," ते म्हणाले. "माज्या बापाची जागा हाय. काका याच्या उत्तरंला, हाक नाय पोचनार एवढ्यावर."

मग दुसऱ्या तांडेलांनी फोन काढला, मग तिसऱ्यांनी. चटईवर तीन फोन शेजारी शेजारी, तीन ठिपके. तीन घराण्यांनी जपलेल्या जागा त्या उजेडात पडल्या होत्या आणि माणसे त्यांच्यावर वाकून अंतर मोजत होती. अध्यक्ष फोनवर आकडे वाचत होते.

मी बाहेर येऊन सुरूच्या झाडाला धरून उभी राहिले. हितेश जवळच उभा होता. छत्री त्याने माझ्यावर धरली होती आणि स्वतः भिजत होता. मी त्याला म्हटले, तुम्ही भिजताय. तो म्हणाला, हो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काही नाही. वारा तसाच आहे. मेहुलदादांची बोट दुपारी गेली. बायका किनाऱ्यावर आहेत. मी गेले, पण मेघालीच्या जवळ बसले नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सापडले. चौघेही सापडले.

जाळे पंख्यात गुंतले, इंजिन बसले आणि बोट वाऱ्यावर दक्षिणेला वाहत गेली. आकड्यांवरून वाऱ्याचा हिशोब बांधून तटरक्षकांचे जहाज गेले, त्यांना लाल-पिवळा बावटा दिसला. मेहुलदादांनी बोट ओढून आणली. शैलेशकाकांचा खांदा निखळला आहे. रामू किनाऱ्यावर उतरल्यावर वाळूत बसला तो उठेचना. हसत होता की रडत होता, कळत नव्हते.

बळवंतकाकांचे ओठ मिठाने फाटले होते. मी गर्दीच्या मागे होते, तरी त्यांना दिसले. त्यांनी मला जवळ बोलावले.

"जागा खरी टाकलेली गो मी," ते म्हणाले. "खोटी नाय टाकली. तिथंच होतो."

एवढ्यासाठी ते समुद्रात झुरत होते, की आपण खोटी जागा टाकली असे आम्हाला वाटेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बोईसर

धर्मेशभाईंना जाहिरातीसाठी ओळ हवी आहे. त्यांनी स्वतः एक सुचवली: '"ठसा"ने वाचवले चार जीव.' मी म्हणाले, ठशाने नाही वाचवले. ठसा उघडला नाही. ते म्हणाले, "मेहुलचा फोन कोणाच्या ॲपने उघडला?" या युक्तिवादात काहीतरी खोटे आहे, पण कुठे ते मला पटकन सापडले नाही. मी लिहिणार नाही एवढेच सांगितले. मोठ्याने सांगितले असावे, कारण हितेशने कप उचलला. खाली मोटार चालू नव्हती.

मेहुलदादांच्या जागेवर काल तीन बोटी होत्या. मी फोनवर त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "माश्यांनी काय लिवून दिलेली का मला? दुसरी शोधीन." मग म्हणाले, "पन बापाची होती."

१६ नोव्हेंबर, रविवार
एडवण

साक्षीदारांचे पान आम्ही बदलले आहे. हितेशची ओळ परत आली आहे, माझ्या वाक्याच्या वर. आणि माझे वाक्य आता असे आहे:

'तुम्ही परत येईपर्यंत जमिनीवर तुमची वाट पाहतील, अशी तीन माणसे निवडा.'

हे पहिल्याइतके देखणे नाही. हितेशने ते स्वतःच्या फोनवर लावलेले दिसले नाही. विचारले तर म्हणाला, "पहिलं काढलं नाही अजून." विसरला असेल.

आज पुन्हा नोंदणी झाली आणि या वेळी सगळे अडखळले. माणसे फोन हातात घेऊन अंगणात येरझारा घालू लागली. कोणी बायकोकडे पाहिले आणि बायकोने दुसरीकडे पाहिले. बळवंतकाकांनी आधी शैलाकाकींचे नाव सांगितले. काकी म्हणाल्या, "किल्ली ठेवते मी. पन जागा मला दाकवाची नाय. गरज पडली तर बगीन, एरवी नाय." दुसरे नाव मेघालीचे. तिसऱ्यापाशी ते थांबले, आणि पान पुढे जाईना. हितेशने विचारले, तूर्त दोघांवर चालवू का? मी म्हणाले, थांबू द्या. पान तसेच उघडे ठेवून आम्ही घरी आलो.

मेघाली माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र तिनेच आणून दिला, आणि साखर मला लागते तितकीच होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

बोईसरची बस पकडण्याआधी हे लिहिते आहे.

पहाटे फोन वाजला. पडद्यावर माझेच शब्द होते. ते मीच सप्टेंबरात लिहिले, अनेकदा तपासले, पण कोणाकडून आलेले असे कधी वाचले नव्हते: 'बळवंत तांडेल यांनी तुम्हाला साक्षीदार नेमले आहे. मान्य?'

मी अंगठा लावला नाही. चप्पल पायात घालून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले. ओहोटी लागायची होती. बोट पाण्यात होती, शैलेशकाकांच्या जागी दुसरा खलाशी होता, नवा वायरलेस पिशवीत गुंडाळून वर बांधला होता. शैलाकाकी आणि मेघाली गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मेघाली थोडी बाजूला सरकली, एका माणसापुरती. मी तिथे उभी राहिले.

काकांनी बोटीवरून माझ्या हातातल्या फोनकडे पाहिले. मी त्यांच्या देखत अंगठा ठेवला. त्यांनी मान हलवली आणि इंजिन सुरू करायला सांगितले.

बोट वळली. लाल-पिवळा बावटा लहान होत गेला. मी त्यांना काहीही विचारले नाही.